डॉर्टमुंडचा एक शनिवार: एकट्याने शहर पाहायचं आणि सामनाही

जर्मनीत फुटबॉल पाहायचा म्हटलं की बहुतेकांना आधी म्युनिक आठवतं. पण हातात एकच दिवस असेल आणि सोबत कोणी नसेल, तर माझं मत डॉर्टमुंडला. म्युनिकचं स्टेडियम शहराच्या उत्तर टोकाला, महामार्गाच्या कडेला आहे. डॉर्टमुंडचं स्टेडियम मुख्य स्टेशनपासून जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. शहर बघत बघत पायी निघायचं आणि वाटेत बोरुसिया डॉर्टमुंड या इथल्या क्लबच्या पिवळ्या-काळ्या गर्दीत मिसळून जायचं, हे इथे सहज जमतं.

एक गोष्ट आधीच सांगतो. सुंदर शहर हवं असेल तर इथे येऊ नका. कोळसा, पोलाद आणि बिअर या तीन धंद्यांवर वाढलेलं हे गाव. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत त्याचा मधला भाग जवळजवळ सपाट झाला आणि नंतर घाईघाईने पुन्हा उभा राहिला. इमारती चौकोनी आणि रुक्ष आहेत. पण या गावात फुटबॉल कसा भिनलाय हे बघायचं असेल, तर दुसरीकडे कुठे जाऊ नका.

आधी तारीख, मग बाकी सगळं

बुंडेसलिगाचा, म्हणजे जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगचा, हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मेमध्ये संपतो. एकूण ३४ फेऱ्या असतात. त्यातले निम्मे, म्हणजे १७ सामने घरच्या मैदानावर. ख्रिसमसच्या आसपास हिवाळी सुट्टी असते. शिवाय सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी लीग थांबते. दिवाळीच्या सुट्टीत जायचा बेत असेल तर हे आधी बघा, कारण नेमका असा रिकामा आठवडा पदरी पडू शकतो.

दुसरा खाचखळगा म्हणजे वेळ. उन्हाळ्यात वेळापत्रक जाहीर होतं तेव्हा फक्त फेरीचा आठवडा ठरलेला असतो. सामना शुक्रवारी रात्री ८:३० ला, शनिवारी दुपारी ३:३० किंवा संध्याकाळी ६:३० ला की रविवारी, हे नंतर टप्प्याटप्प्याने ठरतं. वेळापत्रकात शनिवार दिसला म्हणून परत न करता येणारं रेल्वेचं तिकीट काढून मोकळं होऊ नका. हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. शक्य असेल तर शुक्रवार ते रविवार त्याच भागात असा. ऱ्हुर खोऱ्यात शहराला शहर लागून आहे, त्यामुळे कोलोन, ड्युसेलडॉर्फ किंवा एसेनमध्ये मुक्काम ठेवला तरी चालतं.

पुढचा आराखडा शनिवारी दुपारच्या साडेतीनच्या सामन्यासाठी आहे. एकट्या पाहुण्यासाठी हीच वेळ सर्वांत सोयीची. सकाळ शहराला मिळते, दुपार सामन्याला, आणि रात्र पडायच्या आत तुम्ही मोकळे होता.

तिकीट: एकटं असण्याचा खरा फायदा

बोरुसिया डॉर्टमुंडच्या मैदानात ८१,३६५ माणसं मावतात. जर्मनीतलं हे सर्वांत मोठं फुटबॉल स्टेडियम. तरी तिकिटं संपतात. मोठा वाटा हंगामभराच्या तिकीटधारकांकडे असतो, उरलेल्यावर पहिला हक्क क्लबच्या सभासदांचा, आणि मग काही शिल्लक राहिलंच तर खुली विक्री. बायर्न म्युनिक किंवा शेजारचा कट्टर प्रतिस्पर्धी शाल्के यांच्याविरुद्धच्या सामन्याला खुल्या विक्रीची आशा धरू नका. तळाच्या संघाविरुद्धचा सामना निवडा. मैदानातला आवाज तोच असतो आणि तिकीट मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त.

इथे एकटं असणं कामाला येतं. चार जागा सलग हव्या असणारा माणूस हात चोळत बसतो, पण दोन आरक्षणांच्या मध्ये अडकलेली एखादी सुटी खुर्ची बऱ्याचदा शिल्लक असते. क्लबच्या संकेतस्थळावर अधिकृत पुनर्विक्रीची सोय आहे. येऊ न शकणारे लोक आपली तिकिटं तिथे परत टाकतात. सामन्याच्या आदल्या आठवड्यात रोज दोनतीनदा तिथे डोकावायचं. खातं आधीच उघडून ठेवा आणि कार्डाची माहिती तयार ठेवा, कारण सुटी तिकिटं दिसतात तशी गायब होतात. बाहेरच्या पुनर्विक्री साइटवर दुप्पट-तिप्पट पैसे भरून घेतलेलं तिकीट क्लब रद्द करू शकतो. त्या वाटेला जाऊच नये.

कुठे बसायचं? दक्षिण बाजूला ती सुप्रसिद्ध ‘पिवळी भिंत’ आहे, सुमारे पंचवीस हजार लोक उभे राहतात असा एकच सलग उतार. युरोपातला सर्वांत मोठा उभ्याने पाहण्याचा स्टँड हाच. तिथलं तिकीट बसायच्या जागेपेक्षा खूप स्वस्त, आणि म्हणूनच मिळायला सर्वांत अवघड. मिळालं तरी विचार करून घ्या. दोन-अडीच तास उभं राहायचं, पुढे झेंडे फडकत असताना अर्धा सामना दिसणार नाही, अंगावर कुणाची तरी बिअर सांडणार, आणि मोबाइल वर धरून व्हिडिओ काढत बसलात तर मागचे चार शब्द सुनावणार. पहिल्यांदा जाणाऱ्याने पूर्व किंवा पश्चिम स्टँडमध्ये, दक्षिणेकडच्या टोकाची जागा घ्यावी असं मी म्हणेन. भिंतीत उभं राहिलं की भिंत दिसत नाही. बाजूला बसलं की सामनाही दिसतो आणि भिंतही. पाहुण्या संघाचे समर्थक उत्तरेकडे असतात.

पोहोचणं आणि सामान

ड्युसेलडॉर्फच्या विमानतळाला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे. तिथून आरई १ आणि आरई ६ या प्रादेशिक गाड्या थेट डॉर्टमुंडला येतात. तासाभराच्या आत पोहोचता. कोलोनहून सव्वा तास धरा. जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाबद्दल आपल्याकडे जे ऐकलेलं असतं ते विसरून जा. एक गाडी रद्द झाली तरी पुढचीने पोहोचता येईल एवढी सवड ठेवूनच निघा. मी सकाळी नऊपर्यंत स्टेशनात उतरावं असं सुचवतो.

उतरल्या उतरल्या पहिलं काम म्हणजे स्टेशनातल्या लॉकरमध्ये बॅग टाकणं. स्टेडियममध्ये ए-४ कागदापेक्षा मोठी पिशवी नेता येत नाही, आणि सामन्याच्या दिवशी लॉकर लवकर भरतात. सुटी नाणी जवळ ठेवा. अंगावर काय ठेवायचं? पासपोर्ट, बँकेचं कार्ड, पूर्ण चार्ज केलेला फोन (तिकीट त्यातच असतं), आणि ऑक्टोबर ते एप्रिल असेल तर कानटोपी. स्टँडवर छप्पर आहे, पण थंडी छप्पर बघत नाही.

कपड्यांबद्दल एकच नियम: निळा रंग नको. निळा-पांढरा म्हणजे शेजारच्या गेल्सनकिर्शनचा शाल्के, आणि हे वैर गमतीचं असलं तरी फार गमतीचं नाही. इथले लोक शाल्केचं नावही घेत नाहीत, ‘हेर्ने-वेस्ट’ म्हणतात, म्हणजे शेजारच्या हेर्ने गावाची पश्चिम बाजू. मजा अशी की बोरुसियाचा स्वतःचा पहिला गणवेश निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचाच होता. पिवळा-काळा आला १९१३ मध्ये. हे तिथल्या पबमध्ये मोठ्याने सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

सकाळी नऊ: बोर्सिगप्लाट्झ

सगळे जण स्टेशनसमोरच्या फुटबॉल संग्रहालयापासून सुरुवात करतात. तुम्ही उलटं करा. संग्रहालय दहाच्या आधी उघडत नाही, चौकाला मात्र कुलूप नसतं.

स्टेशनपासून पाचेक मिनिटांवर काम्पश्ट्रासे हे भुयारी स्थानक आहे. तिथून यू ४४ ही यू-बान, म्हणजे शहरी रेल्वे, पकडून बोर्सिगप्लाट्झला उतरा. एक मोठा गोल चौक, सहा रस्ते येऊन मिळतात, मध्ये झाडं आणि ट्रामचे रूळ. पर्यटकासाठी म्हणून इथे फारसं काही नाही. पण क्लबचा जन्म इथला. १९ डिसेंबर १९०९, रविवार. जवळच्या चर्चच्या युवक मंडळातल्या पोरांना फुटबॉलचं वेड लागलं होतं आणि तिथल्या धर्मगुरूला हा रांगडा खेळ अजिबात पसंत नव्हता. पोरांनी ‘झुम विल्डश्युट्झ’ नावाच्या पबच्या माडीवर जमून आपला वेगळा क्लब काढला. धर्मगुरू त्यांना अडवायला तिथवर आला, पण पोरांनी त्याला आत येऊ दिलं नाही. क्लबचं नाव जवळच्याच एका बिअर कारखान्यावरून पडलं असं सांगतात. आसपासची वस्ती होएश पोलाद कारखान्याच्या कामगारांची होती. पोलाद गेलं, आता इथे तुर्की बेकऱ्या आणि अनेक देशांतून आलेली कुटुंबं दिसतात. भोवतालच्या घरांवर आणि खांबांवर मात्र पिवळा-काळा रंग अजून आहे. विजेतेपद मिळालं की मिरवणूक इथूनच जाते.

अर्धा तास पुरे. एखाद्या बेकरीत कॉफी आणि तिळाचं कडं घ्या आणि यू ४४ नेच परत फिरा. उतरायचं राइनोल्डिकिर्शे स्थानकावर.

दहा ते साडेअकरा: जुनं शहर, जेवढं उरलंय तेवढं

वर आलात की समोर संत राइनोल्डचं चर्च. हा शहराचा रक्षक संत. पलीकडे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला मारियनकिर्शे, आणि तिथे कोनराड फॉन झोएस्ट या चित्रकाराने १४२० च्या सुमारास रंगवलेली वेदीची चित्रं. नीट पाहिलं तर चित्रं कडेने कापलेली दिसतात. पुढच्या काळात ती नव्या चौकटीत बसवण्यासाठी छाटली गेली.

मग वेस्टनहेलवेग या पादचारी रस्त्याने पश्चिमेकडे चालायला लागा. आज तो साखळी दुकानांनी भरलेला बाजार आहे, पण ही वाट मध्ययुगातल्या हेलवेग या व्यापारी मार्गाची. वाटेत डावीकडे हान्झाप्लाट्झवर शनिवारी आठवडी बाजार भरतो. चीज, फुलं, सफरचंदं, पावात घातलेले मासे. माणसं किती सावकाश खरेदी करतात हे इथे दिसतं, आणि अर्ध्या लोकांच्या गळ्यात सकाळपासूनच पिवळे मफलर असतात.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पेट्रिकिर्शे. उघडं असेल तर आत जाच. अँटवर्पमध्ये १५२१ साली घडवलेली कोरीव लाकडी वेदी इथे आहे, तीवर ६३३ सोनेरी आकृत्या. लोक तिला ‘वेस्टफालियाचा सोनेरी चमत्कार’ म्हणतात. एकटं असल्याचा इथेही उपयोग: कोणी घाई करत नाही, त्यामुळे एका चौकटीतली गर्दी, घोडे, सैनिकांचे चेहरे असं एकेक निवांत बघता येतं.

साडेअकरा ते एक: एकच निवडा

इथून दोन वाटा फुटतात आणि दोन्ही करायला वेळ नाही.

स्टेशनसमोर २०१५ मध्ये उघडलेलं जर्मन फुटबॉल संग्रहालय आहे. सुरुवात १९५४ च्या विश्वचषकाने होते. युद्धात हरलेल्या, विभागलेल्या पश्चिम जर्मनीने बर्नमध्ये हंगेरीला ३-२ हरवलं, त्याची गोष्ट, आणि त्या अंतिम सामन्याचा चेंडू. फुटबॉलमध्ये रस असेल तर इथे दीड तास कमी पडतो.

दुसरी वाट पेट्रिकिर्शेपासून पश्चिमेला दहा मिनिटांवर. डॉर्टमुंडर ऊ: १९२० च्या दशकातला युनियन ब्रुअरीचा मनोरा, माथ्यावर इंग्रजी यू सारखं नऊ मीटर उंचीचं सोनेरी अक्षर. बिअर बनणं थांबलं आणि २०१० पासून इथे कलाकेंद्र आहे. छपराखालच्या पडद्यांवर चित्रपट दिग्दर्शक आडोल्फ विंकेलमान यांची हलती चित्रं सतत चालू असतात. त्यात कबुतरंही दिसतात, कारण शर्यतीची कबुतरं पाळणं हा इथल्या खाणकामगारांचा लाडका छंद. वरच्या मजल्यावरून शहर दिसतं आणि दक्षिणेला स्टेडियमचे पिवळे खांबही.

माझा कौल? सामन्याचा दिवस असेल तर ऊ. फुटबॉल पुढे पोटभर मिळणारच आहे.

खाणं

इथला खास पदार्थ म्हणजे साल्झकूखन. नावात केक असला तरी हा मध्ये खळगा असलेला पाव. त्यावर खडेमीठ आणि शहाजिरं. पारंपरिक सारण मात्र डुकराच्या कच्च्या खिम्याचं आणि कांद्याचं असतं. ऐकूनच पोटात गोळा आला असेल तर चीज घालून मागा, किंवा सरळ करीवुर्स्टकडे वळा. सॉसेजचे तुकडे, टोमॅटोची चटणी, वर करी पावडर. त्या करी पावडरीचा आपल्या स्वयंपाकघराशी संबंध शोधू नका.

शाकाहारी असाल तर शहरातच जेवून घ्या. तुर्की आणि अरबी टपऱ्यांवर फलाफेल सगळीकडे मिळतं. स्टेडियममध्ये ब्रेझेल आणि तळलेले बटाटे यांवर वेळ निभावते, पण अडीच तास ओरडायला तेवढं पुरत नाही. मागताना ‘ओने फ्लाइश’, म्हणजे मांस नको, असं स्पष्ट सांगा.

एक वाजता: चालायला लागा

यू ४५ सामन्याच्या दिवशी थेट स्टेडियमपर्यंत जाते. तरी चालतच जा. मध्यापासून दक्षिण-पश्चिमेला क्रॉइत्सफिअर्टेल ही वस्ती आहे. युद्धातून बऱ्यापैकी वाचलेली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची नक्षीदार घरं, कोपऱ्याकोपऱ्यावर पब. म्योलरब्र्युके या पुलाशी आलात की गर्दी आपोआप दिसेल. पबच्या आत जागा नसते, सगळे फुटपाथवर उभे. एकट्याला हे फार सोयीचं. टेबल धरून बसायचा प्रश्नच नाही, आणि शेजारी उभा असलेला माणूस दोन मिनिटांत कुठून आलात विचारतो. भारतातून म्हटलं की क्रिकेटवर बोलणं जातं, मग तुम्हाला कोण खेळाडू आवडतो यावर. एखादं नाव तयार ठेवा. पीत नसाल तर आल्कोहोलविरहित बिअर मागा, कोणी वळूनही बघत नाही.

रिकामी बाटली कचऱ्यात टाकू नका. तिच्यावर अनामत असते, ८ ते २५ सेंट. कचराकुंडीच्या खाली कडेला उभी करून ठेवायची. बाटल्या गोळा करणारी माणसं मोठ्या पिशव्या घेऊन फिरत असतात आणि कुंडीत हात घालायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, एवढाच त्यामागचा शिष्टाचार. पुलाच्या कठड्यालगत अशा उभ्या बाटल्यांची रांगच लागते.

तिथून लिंडेमानश्ट्रासे धरून सरळ दक्षिणेला. मोठा महामार्ग ओलांडला की वेस्टफालेनहाल्लेन हे प्रदर्शन संकुल, आणि त्यामागे स्टेडियम. सारी वाट रमतगमत पाऊण-एक तासाची.

दोन ते साडेतीन: आत

तिकिटावर लिहिलेलंच प्रवेशद्वार धरा. चुकीच्या बाजूला गेलात तर अख्खा फेरा मारावा लागतो. झडती होते, बाटली आणि मोठी छत्री बाहेर ठेवावी लागते. आत पैसे कार्डाने द्या. प्याल्यांवर अनामत असते, ती परत घ्या.

जाता जाता शेजारचं लहान, दगडी भिंतींचं मैदान बघा. ते रोटे एर्डे, १९२६ चं. १९७४ च्या विश्वचषकासाठी नवं स्टेडियम बांधलं तोवर बोरुसिया तिथेच खेळत असे. नव्याचं मूळ नाव वेस्टफालेनश्टाडियोन. २००५ मध्ये विमा कंपनीच्या नावावरून ते सिग्नाल इडुना पार्क झालं, पण जुने लोक जुनंच नाव घेतात.

अडीचपर्यंत जागेवर बसा. सामन्याआधीचा हा तास अजिबात चुकवू नका. आधी भिंत विरळ असते, मध्येमध्ये काँक्रीटच्या पायऱ्या दिसतात. हळूहळू खालून भरत जाते. मग लिव्हरपूल क्लबमुळे जगभर गेलेलं ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गाणं सुरू होतं, मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर ताणले जातात आणि अख्खा उतार आडव्या पिवळ्या पट्ट्यांचा होतो. निवेदक नोर्बर्ट डिकेल, ज्यांनी १९८९ च्या जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल मारले होते, ते खेळाडूचं फक्त पहिलं नाव पुकारतात. आडनाव ऐंशी हजार लोक ओरडतात. जर्मन येत नसलं तरी तिसऱ्या खेळाडूपर्यंत तुम्हीही ओरडायला लागता.

एकट्या स्त्रीने इथे जावं का? जावं. गर्दी मोठी आणि प्यालेली असते, पण बंदोबस्त चोख असतो. कोणी त्रास दिलाच तर जवळच्या कर्मचाऱ्याला ‘पनामाला कसं जायचं?’ एवढंच विचारा. हा क्लबने ठरवलेला सांकेतिक प्रश्न आहे. पुढे काही न विचारता तुम्हाला सुरक्षित जागी नेतात.

सामना संपल्यावर

शिट्टी वाजली की लगेच पळू नका. खेळाडू भिंतीसमोर येतात. जिंकले तर नाचतात, हरले तर मान खाली घालून ऐकून घेतात. ते बघा. शिवाय पहिल्या अर्ध्या तासात यू-बानच्या फलाटावर संध्याकाळी सहाच्या दादरसारखी स्थिती असते. आल्या वाटेने पायी परतणं उत्तम, सातच्या आत तुम्ही पुन्हा पुलापाशी असाल. मॅचच्या तिकिटावर स्थानिक वाहतुकीचा प्रवास समाविष्ट असल्याची नोंद आहे का ते बघून ठेवा. असेल तर परतीचं आरईचं तिकीट वाचतं. मात्र ते वेगवान आयसीई गाड्यांना चालत नाही.

तिकीट मिळालंच नाही तर? दिवस वाया जात नाही. रोटे एर्डेवर बोरुसियाचा दुसरा संघ खेळतो, तिथे तिकीट सहसा सहज मिळतं आणि तुम्ही खेळाडूंच्या इतक्या जवळ असता की बूट चेंडूला लागल्याचा आवाज येतो. किंवा आधी बोव्हिंगहाउझनची त्सोलर्न कोळसा खाण बघून घ्या. लाल विटांची, किल्ल्यासारखी, आणि रंगीत काचांचं दार असलेली तिची यंत्रशाळा १९६९ मध्ये पाडण्यापासून वाचवली गेली. मग साडेतीनला क्रॉइत्सफिअर्टेलमधल्या कुठल्याही पबात पडद्यासमोर उभे राहा.

मफलर किंवा जर्सी घ्यायची तर शनिवारीच घ्या. रविवारी दुकानं बंद असतात. पाणी आणि खाणंही रात्री स्टेशनातून घेऊन ठेवा, कारण दुसऱ्या दिवशी तिथली आणि काही बेकऱ्या तेवढ्या उघड्या सापडतील.